पोळ्याचं तेल

जानराव पाटलांनी लष्कराच्या लिलावातून ट्रक आणला, तेव्हा वाशीम नाक्यापासून रिठदपर्यंत तो ओढायला सहा बैल लागले. सत्तेचाळीसचा उन्हाळा होता. पुढे बैल, मागे ट्रक आणि ट्रकच्या टपावर फेटा सांभाळत बसलेले पाटील, अशी ती वरात गावात शिरली. लोक हसले, पण तोंडावर हात ठेवून. पाटलांच्या देखत उघड हसायची रिठदात पद्धत नव्हती.

हसला नाही तो एकटा हेमसिंग आडे. गावापासून कोसभरावर त्याचा तांडा. दुपारचं जोंधळ्याचं काड गोळा करायचं टाकून तो धावत आला आणि सरळ ट्रकच्या पोटाखाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळाला काळं फासलेलं होतं आणि चेहरा देवदर्शन करून आल्यासारखा झाला होता.

"पाटील, हे फोर-व्हील हाये," तो म्हणाला. "याच्या पुढच्या चाकायलेबी जोर असते. मागची चाकं चिखलात फसली का पुढची वढून काढते. म्या अशाच गाड्या चालवल्या, बर्मेच्या वाटेवर."

आता हेमसिंगविषयी सांगायचं तर आधी त्याच्या आजापासून सुरुवात करावी लागते. आजा लमाणी बैलांचा नायक. दोनशे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालणारा. मग आगगाडी आली आणि बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या. बैल विकले गेले, तांडा एका जागी बसला, आणि रस्त्यावर जन्मलेली माणसं दुसऱ्याच्या धुऱ्यावर राबू लागली. हेमसिंगचा बाप प्रेमसिंग आयुष्यभर सालदार म्हणून राहिला. पण वखर हाकताना रस्त्यावरून नुसती गाडी गेली तरी त्याचे हात थांबायचे, आणि त्याबद्दल त्याने मालकाच्या शिव्याही भरपूर खाल्ल्या. हेमसिंगने मात्र मनावर घेतलं. लढाई सुरू झाल्यावर तो फौजेत गेला, लॉरी चालवायला आणि खोलायला शिकला, आसामच्या चिखलातून बर्मेच्या तोंडापर्यंत जाऊन आला. लढाई संपली, फौजेने त्याला एक खाकी कोट दिला आणि घरी पाठवून दिलं. स्वतःच पैदा केलेली पाना-हातोड्याची गुंडाळी तेवढी तो सोबत घेऊन आला. गावात तिचं काय करणार? दीड वर्ष ती झोपडीच्या आढ्याला टांगलेली राहिली आणि फौजी हेमसिंग पाटलांच्या वावरात जोंधळा सोंगत राहिला.

त्या दिवशी पाटलांनी भर चावडीसमोर सांगितलं, "हेमसिंग, कापूस निघायच्या आत हे जनावर मले चालतं करून दे. मंग त्याच्या सीटवर तूच. तुह्याशिवाय कोनी बसनार नाई, माहा शब्द हाये."

ही सीट म्हणजे हेमसिंगचं सर्वस्व होऊन बसली. दुसऱ्या दिवशी म्हातारा प्रेमसिंग काठी टेकत आला, ट्रकच्या चाकाला हात लावून उभा राहिला आणि रडला. बायको रुपाबाईने सासऱ्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. घरी गेल्यावर तिने गुंडाळी आढ्यावरून काढून झटकून ठेवली.

इंजिनाचं फारसं काही नव्हतं. महिनाभरात हेमसिंगने ते बोलतं केलं. खरी खोट पुढच्या आसात होती. पुढच्या दोन्ही चाकांच्या आतल्या अंगाने तेल गळत होतं. या गाड्यांच्या पुढच्या आसाच्या पोटात दाते असतात, ते तेलात बुडालेले असावे लागतात. पोटातून निघालेला दांडा चाकापर्यंत जातो, आणि तो जिथून बाहेर पडतो तिथे एक सील असतं. सील म्हणजे लोखंडी कडं आणि त्यात बसवलेली चामड्याची पातळ ओठाळी वळी. ती दांड्याला घट्ट बिलगून तेल आतच ठेवते. वळी झिजली की तेल दांड्यावरून सरकत थेट ब्रेकवर येतं. आणि तेल प्यालेला ब्रेक चाकाला धरत नाही, नुसता गोंजारतो.

हेमसिंगने हे पाटलांना दाखवलं. नवी सीलं नागपूरच्या बाजारात मिळतील, म्हणाला.

पाटील खाली वाकले, बोटाला तेल लावून पाहिलं आणि खूश झाले. "अरे लेका, हे तं चांगलं लक्षन हाये! बैलगाडीचा आस कोरडा पडला का कुरकुर करते. वंगण बाहेर आलं म्हनजे चाक सुखात हाये. पन्नास सालं गाडी हाकली म्या. मले शिकवतं काय?"

"पाटील, बैलगाडीले बिरीक नसते."

"मंग याले तरी काहून पायजे? तू हाय ना हाकाले!"

हेमसिंगने खाली घातलेली मान वर केली नाही, पण हट्टही सोडला नाही. सील बदलल्याशिवाय उतारावर गाडी घालणार नाही, एवढं मात्र तो त्या दिवशी ठणकावून म्हणाला. तेव्हा त्याच्यात ती धमक होती. शेवटी पाटील कंटाळले. "त्या वाटीभर चामड्यासाठी नागपूर? आपल्या गावात चामडं कमी हाये काय? जा जगदेवकडं."

जगदेव चांभार पन्नाशी उलटलेला, हडकुळा आणि बोलायला गोड. पंचक्रोशीतल्या विहिरींवर त्याच्याच हातच्या मोटा चालत. त्याची मोट शिवणीतून थेंब टाकत नाही, असं लोक म्हणत, आणि मोट घेताना त्याला चार हात लांब उभं करत. हेमसिंग मात्र त्याच्या अंगणात जाऊन बसला, त्याच्या गाडग्यातलं पाणी प्यायला. फौजेत एका ताटात जेवलेल्या माणसाला या गोष्टींचं काही उरलं नव्हतं. जगदेवची बायको दारातून बघतच राहिली.

जगदेवने जुनं सील उलटंसुलटं करून पाहिलं, नखाने चामड्याचा ओठ उचलला. "मोट पानी धरते, हे तेल धरते. धंदा तं एकच झाला," तो म्हणाला. "पन हेमसिंग, मले ते जागा पाहू दे. जागा पाह्यल्याबिगर मी कोनाची वहानबी करत नाई."

पाटलांच्या वाड्यामागच्या आवारात जगदेव नेहमीप्रमाणे कडेला उभा राहिला. हेमसिंगने त्याचा हात धरला, चाक काढलेल्या आसाशी नेला आणि मनगटापर्यंत आत घालायला लावला. "हे पाह्य, इथं फिरते दांडा. इथं तुहं चामडं." पाटलांच्या मालकीच्या कशालाही हात लावायला कुणी जगदेवला सांगितलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. हात बाहेर काढल्यावर तो बराच वेळ बोटांवरच्या तेलाकडे पाहत राहिला.

मोटेसाठी राखलेल्या म्हशीच्या चामड्यातला पाठीवरचा तुकडा त्याने निवडला. रांपीने तासून पातळ केला, जुनी लोखंडी कडी खोलून त्यात नवं चामडं घट्ट आवळलं आणि ओठ कोवळ्या आंब्याच्या सालीएवढा नाजूक ठेवला. मग दोन्ही सीलं आठ दिवस एरंडेलात बुडवून ठेवली. "जवसाचं तेल कधी लावू नको बरं," त्याने बजावलं. "जवस वाळते. दरवाज्याले लावाले ठीक हाये, चामड्याचं लाकूड होते. एरंडेल मरेपर्यंत ओलं राह्यते."

बसवायचं काम तीन दिवस चाललं. जुनी सीलं काढतानाच हेमसिंगने आस लाकडी ओंडक्यांवर उचलून चाकं उतरवली होती, ब्रेकची भांडी काढली होती, आठ-आठ नट सोडवून दांडे दोन्ही बाजूंनी उपसून काढले होते. आता त्याने ब्रेकचे तेलकट पट्टे घासलेट आणि राखेने धुऊन उन्हात वाळवले. सील आत ठोकताना ओठ तेलाकडे राहिला पाहिजे. उलटा बसला तर आतलं तेलच त्याला उचलून बाहेर पडतं. वाकडं बसू नये म्हणून त्याने बाभळीचा गोल ठोकळा करून घेतला आणि हातोडीने इतकं हळू ठोकलं, की शेजारी बसलेला जगदेव श्वास रोखून धरायचा. दांडा परत घालताना त्याचे दाते चामड्याला लागू नयेत म्हणून जगदेव खालून तळहात देऊन उभा राहिला. तळहात सोलला, पण ओठाला ओरखडा आला नाही.

आठ दिवस गाडी आवारात फिरवून हेमसिंगने चाकांखाली राख पसरून ठेवली. राखेवर एक डाग पडला नाही. जगदेव रोज सकाळी यायचा, वाकून राख बघायचा आणि हेमसिंगला म्हणायचा, "नाई ना?" हेमसिंग म्हणायचा, "नाई!" दोघे लहान पोरांसारखे हसायचे. दोघांच्या आयुष्यातले तेच आठ दिवस बरे गेले म्हणायचे.

मग पोळा आला. आदल्या दिवशी खांदेमळणी. बैलांचे खांदे तुपा-हळदीने मळायचे, वर्षभर ओढलेल्या ओझ्याची माफी मागायची, आणि गाडीच्या आसालाही तेल पाजायचं, असा त्या घरचा रिवाज. पाटलांनी सहा बैलांचे खांदे मळले आणि मग त्यांची माया ट्रकवर वळली. हे सातवं जनावर उपाशी कसं ठेवायचं? घरच्या जवसाचं, घरच्या घाण्याचं ताजं तेल घागरीभर आणवलं. आसाच्या पोटाचं बूच कसं फिरवायचं हे त्यांनी हेमसिंगचं बघून ठेवलंच होतं.

हेमसिंग तांड्यावरून आला तेव्हा अर्धी घागर आत गेली होती.

"पाटील! पाटील, थांबा! त्यात तेल मापाचं असते. आन् जवस—"

"अरे, जे आमी खातो तेच त्याले देऊन राह्यलो. परकं समजतो काय त्याले?" पाटलांचे डोळे खरोखर पाणावले होते. त्यांनी घागर रिकामी केली, बुचाला हळदकुंकू लावलं, वर नारळ फोडला.

दोन दिवसांनी हेमसिंग हात जोडून म्हणाला की तेल काढून टाकू द्या, चामडं खराब होईल, जास्तीचं तेल सील फोडून बाहेर येईल. पाटलांचा चेहरा बदलला. "पोळ्याचं तेल काढाचं? सनाचं दिलेलं तोंडातून वढून घ्याचं? माह्या बैलायले काई झालं तं तू भरून देशीन काय? पाह्य हेमसिंग, तुले भ्या वाटत असन तं सांग. मालेगावले एक डायवर हाये, मले इचारून राह्यला होता."

झालं. सीटवर दुसरा बसायची गोष्ट निघाली. ज्याने उतारावर गाडी घालणार नाही म्हणून ठणकावलं होतं, त्यानेच "जशी मर्जी" म्हणून हात पुसले. जगदेवला त्याने यातलं काहीच सांगितलं नाही. सांगणार होता, पण उगीच बिचाऱ्याच्या जिवाला घोर कशाला, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. आपला भित्रेपणा दुसऱ्याच्या काळजीत गुंडाळून ठेवणं माणसाला छान जमतं.

पोळ्यापासून दिवाळीपर्यंत गाडी उभीच होती. कार्तिकात कापूस निघाला आणि पहिली खेप अकोल्याला गेली. तांड्यातली माणसं रस्त्याच्या कडेला उभी होती, म्हाताऱ्या प्रेमसिंगला खाटेसकट आणून ठेवलं होतं. हेमसिंगने भोंगा वाजवला तेव्हा म्हाताऱ्याने काठी वर केली. दुसऱ्या खेपेनंतर हेमसिंगला पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला ओल दिसली. पाटलांना सांगितलं. "थोडं तं बाहेर येनारच," पाटील म्हणाले, आणि तिसऱ्या खेपेचा कापूस भरायला लावला. हेमसिंगने तो नेला.

चौथ्या खेपेला अकोल्याच्या वाटेवर, मालेगावच्या अलीकडच्या उतारावर ब्रेकने धरलं नाही. पाय खाली गेला आणि गाडी तशीच धावत राहिली. समोर हिरालाल माळ्याची गाडी, वांग्यांच्या टोपल्या भरून बाजाराला चाललेली. हेमसिंगने गिअर खाली पाडला, भोंगा दाबून धरला, गाडी नाल्याच्या काठाकडे फेकली. हिरालालने उडी मारली. त्याचा डावा बैल जुवासकट चाकाखाली आला. ट्रक काठावर चढून थांबला. वांगी उतारावरून घरंगळत खाली गेली. हिरालालने बैलाचं डोकं मांडीवर घेतलं, त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि हेमसिंगला एकही शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तिथेच हेमसिंगने चाक खोललं. सीलाचा ओठ वाळून करकरीत झाला होता, बोटाने दाबताच चिरला. त्याला जवसाचा खवट वास येत होता.

तिसऱ्या दिवशी चावडीवर माणसं जमली. हिरालाल आपल्या गावची चार माणसं घेऊन आला होता. पाटील मधोमध बसले. जगदेवला बोलावणं गेलं होतं, तो पायरीच्या खाली उन्हात उभा होता. पाटील बेरकी होते, पण दुष्ट नव्हते. आपल्या हातून काही चुकलं असेल, हे त्यांच्या खरंच डोक्यात आलं नव्हतं. तेल कधी वाईट असतं का?

"हेमसिंग, तूच सांग. बिरीक कायनं गेला?"

"तेल आलं बिरीकवर."

"काहून आलं?"

"सीलाचं चामडं कडक झालं होतं."

"चामडं कोनाचं?"

"जगदेवचं."

"बसवन्यात काई चूक?"

"नाई."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. जगदेव खालून म्हणाला, "असं होनार नाई, पाटील. आठ दिवस एरंडेलात होतं. हेमसिंग, तू पाह्यलं ना? ते चामडं माह्या हातात द्या. मले पाहू तं द्या."

आणि त्याने हात पुढे केला. सील हेमसिंगच्या हातात होतं. जगदेवच्या नाकाशी ते गेलं असतं तर एका क्षणात त्याने सांगितलं असतं, हा जवसाचा वास आहे. मग जवस कुणी घातलं, हा प्रश्न निघाला असता. पाटलांचं नाव चावडीवर आलं असतं. मालेगावचा ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी सीटवर बसला असता. हेमसिंगला हे सगळं दिसलं. पायरीखालचा तो हातही दिसला, दांड्याखाली सोललेला. तो वळला आणि त्याने सील पाटलांच्या हातात दिलं.

पाटलांनी ते वाकवलं, कट्‌कन तुकडा पडला. "हे पाह्य तुहं चामडं! लाकूड हाये लाकूड!" त्यांनी ते चहाच्या चुलीत टाकलं. चामडं जळल्याचा वास सुटला आणि सगळ्यांनी नाकाला पदर-उपरणी लावली.

हिरालालला पाटलांनी आपल्या गोठ्यातला बैल दिला, आणि पंचक्रोशीत त्यांच्या दिलदारीचं नाव झालं. नवी सीलं नागपूरहून चार दिवसांत आली. आता ती मागवायला काहीच अडचण नव्हती. हेमसिंगने आसाचं तेल काढून नवं भरलं, तेव्हा पाटील म्हणाले, "पोळा होऊन गेला, आता काढाले हरकत नाई." सीट हेमसिंगचीच राहिली. उलट, एवढ्या प्रसंगात गाडी वाचवली म्हणून त्याची वाहवा झाली.

घरी रुपाबाईने भाकरी वाढता वाढता विचारलं, "तेलाचं काहून नाई सांगतलं तुमी?"

"कोनं इचारलं नाई."

"मंग मीबी नाई इचारत," ती म्हणाली आणि चुलीकडे तोंड करून बसली. नंतर तिनेही कधी विषय काढला नाही. तिच्याही अंगावर त्या महिन्यात नवं लुगडं आलं होतं.

जगदेवचं मात्र संपलं. ज्याच्या चामड्याने बैल मारला त्याची मोट कोण घेणार? लोक मालेगावहून मोटा आणू लागले. जुनी शिवण उसवली तरी त्याच्याकडे कुणी फिरकेना. हेमसिंग त्याच्या गल्लीवरून जायचं टाळू लागला, तांड्याकडे वळसा घालून जाऊ लागला. माघात कळलं, की जगदेव बायकोला घेऊन धनजला, लेकीकडे, गिरजाबाईकडे कायमचा चालला आहे.

निघायच्या दिवशी जगदेव स्वतःच ट्रकपाशी आला. हेमसिंग सीटवर बसून इंजिन गरम करत होता. जगदेवच्या हातात रांपी-आरीची गाठोडी होती. सवयीने तो चार हात लांब थांबला, मग काय वाटलं कोण जाणे, जवळ आला आणि दरवाजाला हात लावला.

"हेमसिंग, म्या लय इचार केला," तो म्हणाला. "ते म्हैस म्हातारी असन. नाई तं एरंडेलात भेसळ असन. कुठी तरी माहंच चुकलं, लेका. तुवा मले घरच्या मानसावानी आसाले हात लावू देल्ला, माह्या घरचं पानी पेला. आन् म्या तुह्या नावाले बट्टा लावला. तुह्या हातून मानूस मेला असता तं? मले झोप येत नाई. जायच्या आधी सांगाले आलो. मले माफ कर."

इंजिन चालू होतं. हेमसिंगचे दोन्ही हात सुकाणूवर होते. जवस, पोळा, पाटील, सगळं जिभेच्या टोकापर्यंत आलं. गाडीत कापूस भरलेला होता आणि वाड्याच्या दारात पाटील उभे राहून निघायची वाट पाहत होते.

"जाऊ दे जगदेवदादा," तो म्हणाला. "होते असं. माह्या मनात काई नाई."

जगदेवचे डोळे भरून आले. त्याने वर हात करून हेमसिंगच्या गुडघ्याला स्पर्श केला, तो हात कपाळाला लावला, आणि मोकळ्या मनाने धनजच्या वाटेला लागला.